रेश्ता: उत्तर आफ्रिकेतील हातशेवईचा इतिहास कसा वाचावा

उद्दिष्ट

एखाद्या खाद्यपदार्थाचे नाव आणि त्याची कृती हे दोन्ही इतिहासाचे पुरावे असतात. मात्र ते नेहमी एकाच दिशेने बोट दाखवतात असे नाही. या घटकात आपण अल्जेरियातील ‘रेश्ता’ या पदार्थाच्या आधारे हा मुद्दा समजून घेऊ.

१. पदार्थाची ओळख

रेश्ता म्हणजे गव्हाच्या पिठाची हाताने केलेली चपटी, बारीक शेवई. अल्जिअर्स आणि कॉन्स्टंटाइन या शहरांत ती विशेष प्रसिद्ध आहे. मौलिदला, म्हणजे प्रेषित मुहम्मदांच्या जन्मदिनी, अनेक घरांत ती आवर्जून केली जाते.

पीठ, मीठ आणि पाणी घेऊन घट्ट कणीक मळतात. तिचे गोळे पातळ लाटतात, चिकटू नयेत म्हणून वर पिठी भुरभुरतात आणि त्यांचे बारीक लांब पट्टे कापतात. पुढची पायरी आपल्याला नवी वाटेल. ही शेवई पाण्यात उकडत नाहीत. तिला तेलाचा हात लावतात आणि ‘केसकास’ नावाच्या भांड्यात वाफवतात. केसकासच्या तळाला भोके असतात. मोदकपात्रातल्या चाळणीचे काम आठवा, म्हणजे त्याची कल्पना येईल. एकदा वाफवलेली शेवई परातीत काढून हाताने मोकळी करतात, तिच्यावर पाण्याचा हबका मारतात आणि ती पुन्हा वाफेवर ठेवतात. शेवटी तिला तूप चोळतात.

खालच्या भांड्यात कोंबडीचा रस्सा शिजत असतो. त्यात कांदा, काबुली चणे, सलगम आणि दालचिनी असते. अल्जिअर्सच्या पद्धतीत टोमॅटो नसल्याने हा रस्सा पांढरट दिसतो. वाढताना शेवईवर रस्सा ओततात आणि त्यावर कोंबडी, चणे व सलगम मांडतात.

२. नाव काय सांगते?

‘रिश्ता’ हा फारसी शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘धागा’ असा आहे. हिंदी-उर्दूत ‘नाते’ या अर्थाने वापरला जाणारा ‘रिश्ता’ हाच तो शब्द. माणसांना बांधणारा धागा म्हणजे नाते, आणि कणकेचा धागा म्हणजे शेवई. इराणमध्ये आजही ‘आश-ए-रिश्ते’ हे शेवई घातलेले दाट सूप लोकप्रिय आहे.

हा शब्द अरबी स्वयंपाकात लवकरच रुजला. मुहम्मद बिन अल-हसन अल-बगदादी याने १२२६ मध्ये लिहिलेल्या ‘किताब अल-तबीख’ या पाकग्रंथात ‘रिश्ता’ची कृती आहे. मांस, दालचिनी, चणे आणि मसूर शिजवायचे व त्यातच कणकेचे बारीक कापलेले तुकडे सोडायचे, अशी ती आहे. यातील दालचिनी आणि चणे आजच्या अल्जेरियन रश्श्यातही आहेत.

मग हा पदार्थ पूर्वेकडून जसाच्या तसा आला, असे म्हणायचे का? इथे थोडे थांबू. टँजिअरचा प्रवासी इब्न बतूता आपल्याला दिल्लीच्या मुहम्मद बिन तुघलकाच्या काळामुळे परिचित आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील तुर्कांचे जेवण सांगताना त्याने ‘रिश्ता’चा उल्लेख केला आहे, आणि हा ‘इत्रिया’चाच प्रकार असल्याचे समजावले आहे. त्याचा प्रवासवृत्तान्त १३५५ च्या सुमारास मोरोक्कोत लिहून पूर्ण झाला. म्हणजे तिथल्या वाचकाला ‘इत्रिया’ हा शेवईसाठीचा शब्द माहीत होता. ‘रिश्ता’चा अर्थ मात्र सांगावा लागला. नाव नवे असले तरी वस्तू जुनी असू शकते, हे यावरून लक्षात येते.

३. कृती काय सांगते?

बगदादच्या कृतीत शेवई रश्श्यातच शिजते. अल्जेरियात ती वाफेवर शिजते. हा फरक महत्त्वाचा आहे. केसकासमध्ये पुन्हा पुन्हा वाफवणे, मध्ये हाताने मोकळे करणे आणि तूप चोळणे ही रीत कुसकुसची आहे. कुसकुसचा उगम सामान्यतः उत्तर आफ्रिकेतील अमाझिग, म्हणजेच बर्बर, समाजाशी जोडला जातो. म्हणजे नाव फारसी, रश्श्याचे काही घटक बगदादच्या ग्रंथात सापडणारे, आणि शिजवण्याची पद्धत स्थानिक.

याला धान्याचीही साथ आहे. या भागात ड्युरम जातीचा कठीण गहू पिकतो. त्याच्या रव्याची कणीक घट्ट होते आणि वारंवार वाफवूनही तिचा गिचका होत नाही. महाराष्ट्रात शेवयांसाठी वापरला जाणारा बन्सी गहूही ड्युरमच आहे.

४. ‘शोध कोणी लावला?’ या प्रश्नाची मर्यादा

मार्को पोलोने चीनहून शेवई युरोपात आणली, ही कथा तुम्ही ऐकली असेल. तो १२९५ मध्ये व्हेनिसला परतला. परंतु भूगोलकार अल-इद्रीसी याने ११५४ मध्येच सिसिलीतील त्राबिया येथे मोठ्या प्रमाणात इत्रिया तयार होऊन जहाजांनी दूरवर जाते, असे नोंदवले होते. एकच शोधक मानणारी कथा अशा तारखांपुढे टिकत नाही.

सारांश

रेश्ता ‘फारसी’, ‘अरब’ की ‘बर्बर’, असा एकच शिक्का मारल्यास पुराव्याचा मोठा भाग हातून निसटतो. विशेषतः नावावरून निष्कर्ष काढला, तर केसकासवर राबणाऱ्या हातांचे योगदान दिसतच नाही, कारण शब्दकोशात त्याची नोंद नसते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. इब्न बतूताने ‘रिश्ता’चा अर्थ समजावून सांगितला, यावरून कोणता निष्कर्ष निघतो आणि कोणता निघत नाही?

२. तुमच्या घरच्या एखाद्या पदार्थाचे नाव, घटक आणि शिजवण्याची रीत वेगवेगळी तपासा. तिन्हींचा उगम एकाच ठिकाणी सापडतो का?