दोर सोडताना

१९७२च्या दुष्काळानंतर नळदुर्गजवळच्या आमच्या विहिरीला पाणी आलं, तेव्हा काकांनी कमरेला दोर बांधून मला पोहायला शिकवलं. तो दोर त्यांनी कधी सैल सोडला, मला कळलंच नाही.

परवा टेक्सासमधल्या लेक ट्रॅव्हिसवर नातवाचं वेकसर्फिंग पाहताना ती विहीर आठवली. मोटारबोट ताशी सोळा-अठरा किलोमीटरने जाते आणि मागे लाट उठते. पंखा पोटाखाली असलेलीच बोट यासाठी लागते. मागे पंखा असलेली धोक्याची. अंगात लाइफ जॅकेट हवंच. शिकणाऱ्यानं पाण्यात उताणं राहायचं, टाचा फळीवर, गुडघे छातीशी, हात सरळ. दोर ओढायचा नाही. बोटीनंच आपल्याला उभं करायचं.

नातू तीनदा पडला. चौथ्यांदा उभा राहिला, लाटेवर स्थिरावला आणि त्यानं दोर बोटीत फेकला! आता लाटच त्याला ढकलत होती.

"अरे, धर!" मुलगी ओरडली.

"राहू दे गं," मी म्हणालो. पण माझ्याही मुठी आवळल्या होत्या. विहिरीच्या काठावर काकांचं काय झालं असेल, ते साठीनंतर कळलं.