डोळ्याच्या बाहुलीची चुगली!

डोळे दुखले की आपण कॉम्प्युटरला शिव्या घालतो आणि कामाला लागतो. पण दुखणारा डोळा एकच असेल तर?

गिरीजहून सकाळची बस, वसईहून खच्चून भरलेली चर्चगेट लोकल आणि मग दिवसभर स्क्रीन... तुमचं रुटीनही थोड्याफार फरकानं असंच असेल ना? म्हणूनच 28व्या वर्षी माझा उजवा डोळा दुखायला लागला, तेव्हा मी सगळं खापर एक्सेल शीटवर फोडलं. डोळा हलवला की आत कळ यायची. गर्दीत घामाघूम झाले की समोर धुकं! चष्मेवाल्यानं नंबर बदलून दिला. एका डॉक्टरांनी ‘स्ट्रेस आहे, सुट्टी घ्या’ म्हणून वाटेला लावलं.

मग एका रविवारी अंगणात उभी असताना सहज डावा डोळा झाकला. आईनं लावलेली लालभडक जास्वंद एकदम विटलेली, धुऊन रंग गेल्यासारखी दिसली. डोळा बदलला, पुन्हा लालभडक! पोटात गोळाच आला.

टॉर्चचा खेळ

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खोलीतले दिवे घालवले. ‘समोर लांब बघ, टॉर्चकडे नाही,’ म्हणाले. टॉर्च डाव्या डोळ्यावर, मग उजव्यावर, परत डाव्यावर... जेमतेम मिनिटभर.

‘डॉक्टर, काय दिसलं?’

‘उजवीकडे प्रकाश टाकला की बाहुल्या लहान व्हायला हव्यात. तुझ्या मोठ्या होतायत.’

गंमत अशी, की प्रकाश एका डोळ्यावर पडला तरी बाहुल्या दोन्ही आकसतात, कारण मेंदू दोघींना एकच हुकूम देतो. एका डोळ्याची नस आजारी असेल, तर तिकडून प्रकाशाची खबर क्षीण पोहोचते. मेंदूला वाटतं, उजेड कमी झाला! म्हणून बाहुल्या मोठ्या होतात. आरशात मात्र दोन्ही अगदी सारख्या दिसतात. या खुणेला स्कॉटिश डॉक्टर रॉबर्ट मार्कस गन यांचं नाव आहे. टॉर्च अशी डावी-उजवी फिरवून बघण्याची पद्धत 1959मध्ये पॉल लेव्हाटिन यांनी मांडली. यात पेशंटनं काही सांगावंच लागत नाही, बाहुली आपणहून चुगली करते.

पण थांबा! टॉर्च फक्त ‘नशीत गडबड आहे’ एवढंच सांगते, कशामुळे ते नाही. शिवाय दोन्ही नसा सारख्याच बिघडल्या असतील तर तीही फसते. म्हणून पुढे एमआरआय.

तीन अक्षरं

मेंदूत ठिपके निघाले. पुढच्या तपासण्यांनंतर निदान झालं, एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस. वायरवर प्लास्टिक असतं तसं नसांवर मायलिनचं वेष्टन असतं. या आजारात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच ते कुरतडते. सुरुवात बहुतेकदा विशी ते चाळिशीत होते आणि बायकांमध्ये प्रमाण जास्त. म्हणजे आपल्याच वयाचा आजार! डोळ्याच्या नसेला अशी सूज आलेल्या रुग्णांवर अमेरिकेत 15 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. एमआरआय स्वच्छ असलेल्यांपैकी 25 टक्क्यांना पुढे एमएस झाला, एक तरी ठिपका असलेल्यांपैकी 72 टक्क्यांना. 2025मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित मॅकडोनाल्ड निकषांनी तर डोळ्याच्या नसेलाही निदानात जागा दिली आहे.

आता टॉर्चच्या जागी कॅमेरेही आलेत. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत टेड मॅडेस यांच्या गटानं डोळ्यासमोर ठिकठिकाणी प्रकाश चमकवून बाहुली किती आणि किती वेळात आकसते ते मोजलं. एमएसच्या रुग्णांत प्रतिसाद क्षीण होता आणि उशिरानं येत होता. नुसत्या नजरेला न दिसणारा फरक असा आकड्यांत पकडता येतो.

मग लोकांना सांगायचं?

‘कुणाला काही बोलू नकोस हां, स्थळं यायची बंद होतील,’ आई रडवेली होऊन म्हणाली. पप्पा गप्प. तिची भीती मला कळत होती. पण लपवायचं तर ऑफिसात रोज नवं खोटं बोलावं लागलं असतं. मी बॉसला सांगितलं. गर्दी टाळून यायची सवलत मिळाली, एसीजवळची जागाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, हे मला तेव्हाच कळलं. आणि 1985पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया आपल्या मुंबईतच सुरू झाली, हेसुद्धा!

स्टेरॉइडचं सलाईन, मग नियमित औषधं. आज उजव्या डोळ्यानं तक्त्याची शेवटची ओळ वाचते. जास्वंदही जवळपास लाल दिसते. तरी टॉर्च फिरली की बाहुली अजून किंचित कच खाते. डॉक्टर हसून म्हणतात, ‘ही विसरत नाही.’

मोबाइलचा टॉर्च घेऊन घरी प्रयोग करू नका. फक्त एकेक डोळा झाकून लाल रंग बघा. फरक वाटला, डोळा हलवताना दुखलं, तर डेडलाइन गेली खड्ड्यात... आधी डॉक्टर गाठा!