घट्ट वाटी आणि उसाचा फड

जूनमध्ये जन्मलेल्या लेकराला डिसेंबरात सहा महिने पूर्ण होतात. नुसत्या आईच्या दुधावर भागण्याचे दिवस इथं संपतात आणि वरचं अन्न सुरू करावं लागतं. पण बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावांत, डिसेंबरात कितीतरी घरांना कुलूप असतं. दसरा-दिवाळी उरकली की टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेला कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्याच्या वाटेला लागतो. परतायला पाडवा उजाडतो. अंगावर पिणारं लेकरू आईबरोबरच जातं.

आता सरकारी वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. २०१८ साली केंद्र सरकारनं आणलेल्या गृहभेटींच्या योजनेत आशाताईनं प्रत्येक लेकराच्या घरी पाच वेळा जायचं असतं: तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. जूनच्या लेकराची पहिली भेट सप्टेंबरात होते. तेव्हा सगळे घरीच असतात. दुसरी येते डिसेंबरात, तिसरी मार्चमध्ये, आणि या दोन्ही वेळी लेकरू फडात असतं. वरचं अन्न कसं सुरू करायचं, कसं वाढवायचं हे ज्या दोन भेटींत सांगायचं, नेमक्या त्याच दोन चुकतात. वर्षाचं होऊन ते पुन्हा आशाताईच्या समोर येतं तेव्हा मधले सहा महिने निघून गेलेले असतात, आणि वाढीच्या हिशेबात ते फार मोलाचे असतात.

किती मोलाचे, ते आकड्यांतच पाहू. सहा ते आठ महिन्यांच्या लेकराला दुधाव्यतिरिक्त रोज साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्ष ओलांडल्यावर ५५०. पोट मात्र एवढंसं. सात किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी जेमतेम दोनशे मिलिलिटर मावतं. आपल्याकडे सुरुवात होते ती वरणाच्या पाण्यानं किंवा भाताच्या पेजेनं. वरणाचं पाणी प्यायलेलं लेकरू पोट भरल्यामुळे गप्प होतं, आईलाही वाटतं की खाल्लं. पण त्या पाण्यात डाळ फारशी नसतेच, ती पातेल्याच्या तळाशी राहिलेली असते. पोट पाण्यानं भरलं की लेकरू अंगावरही कमी पितं. म्हणजे दोन्हीकडून तोटा. शिवाय जन्मताना बरोबर आणलेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं.

त्यामुळे पोषणाच्या सगळ्या सल्ल्यांतून एकच निवडायला सांगितला तर मी घट्टपणा निवडेन. काय खायला घालायचं हे बहुतेक घरांना ठाऊक असतं. बाजरी, ज्वारी, तूर, मूग, शेंगदाणे, दारातला शेवगा हे आपल्याच शिवारातलं आहे. भाकरी वरणात चांगली कुस्करायची, त्यात शेंगदाण्याचं बारीक कूट, वर चमचाभर तेल किंवा तूप. त्या एका चमच्यातच ४५ कॅलरी असतात. अंडं चालत असेल त्या घरात उकडलेलं अंडं कुस्करून घालावं. वर्षाच्या आत अंडं देऊ नये, हा समज निराधार आहे.

उमापूरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, अंगणवाड्या आहेत, आशाताई आहेत. अशा गावात भेट नीट झाली तर ती कशी होते, ते जवळून पाहण्यासारखं असतं. आशाताई आधी विचारते, काल सकाळपासून लेकरानं काय काय खाल्लं. मग त्याचीच वाटी आणि चमचा मागवते. चमचा भरून तिरका धरला की पदार्थ ओघळून जातो. ‘मावशी, हे खाली गेलं ते पाणीच की,’ असं ती म्हणते. बोलणं सुनेशी चाललेलं असलं तरी नजर सासूकडे असते, कारण काय शिजणार आणि लेकराला कोण भरवणार हे तिथं ठरतं. सासूचं उत्तर ठरलेलं: ‘नरड्यात अडकंल की!’ ही भीती कुणी अडाणीपणात काढू नये. जिनं आयुष्यभर लेकरं वाढवली, ठसका लागलेलं पोर पालथं घालून पाठीवर थापट्या मारल्या, तिची ती भीती आहे. तिला तक्ता दाखवून उपयोग नसतो. भाकरी तिच्याच हातानं बोटांत मोडून, वरणात मुरवून, गाठ राहिली नाही हे तिला चाचपू द्यावं लागतं. मग तिच्यासमोर दोन चमचे भरवायचे. लेकरानं जिभेनं बाहेर ढकललं तर थांबायचं, थोड्या वेळानं पुन्हा पुढं करायचं. नवी चव आपलीशी करायला त्याला अनेकदा वेळ लागतो. ते बाहेर ढकलणं म्हणजे नको म्हणणंच असतं असं नाही, जीभ अजून शिकत असते.

एवढ्या कामाला केंद्राच्या योजनेत भेटीमागे ५० रुपये मिळतात. त्यात वजनाची नोंद, लसीची चौकशी, लोहाच्या सिरपची आठवण, मीठ-साखरेची पाकिटं, सगळं आलं. पाच मिनिटांत कार्ड भरून उठावं असंच वाटण्याजोगी ही रचना आहे. तरी तासभर बसणाऱ्या आशाताई आहेत. त्यांच्या जिवावर आपण किती दिवस काढायचे, हा प्रश्न मला सतावतो.

अशी बाई काय करू शकते हे आपल्या शेजारीच सिद्ध झालेलं आहे. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवल्या. गावानं त्यांचं फारसं ऐकलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या, त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. जामखेडला येऊन शिकायचं, गावी जाऊन करायचं, पुन्हा येऊन अडलेलं विचारायचं, असं त्यांचं शिक्षण चालायचं. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये अर्भकमृत्यूचं प्रमाण हजारी १७६ होतं, ते नव्वदच्या दशकात १९ वर आलं. हे केवळ आहारामुळे झालं असं कुणी म्हणणार नाही; पाणी, लसी, बाळंतपणं, जातीच्या भिंती, सगळ्यांवर त्या बायकांनी काम केलं. पण नर्सचं न ऐकणाऱ्या घरानं शेजारणीचं ऐकलं, एवढं तिथं दिसून आलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या फक्त ११.३ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत होता. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के बालकं वयाच्या मानानं खुजी होती. या आकड्यांच्या आत फडावरच्या कोप्या, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपड्या, कुठे असतील, याची कल्पना करता येते. आई पहाटेच्या अंधारात उठून तोडीला जाते, दिवसभर मोळ्या बांधते, गाडी भरते. लेकरू बांधावर, झोळीत, नाहीतर सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती बहीण त्याला चहात बुडवलेलं बिस्कीट देते. दुसरं काय देणार? तिथं चूल दिवसातून एकदा-दोनदाच पेटते. ‘दिवसातून तीन वेळा ताजं भरवा’ हा सल्ला त्या आईला देणं म्हणजे तिच्या दुखण्यावर मीठ चोळणं आहे.

तिला उपयोगी पडेल ते सप्टेंबरातच करावं लागेल. ज्वारी किंवा बाजरी आणि मूग रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून भाजायचे, दळून डबा भरायचा. मोड आल्यानं धान्यातलं स्टार्च सुटं होतं. पीठ जास्त घालूनही खीर चिकट होत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त ताकद येते. बडोद्यात डॉ. तारा गोपालदास यांनी हेच तत्त्व बालआहारासाठी वापरून दाखवलं होतं. कोपीतल्या चुलीवर उकळत्या पाण्यात हे पीठ शिजवून गूळ आणि तेल घातलं की पाच-दहा मिनिटांत लेकराचं जेवण तयार. अंगणवाडीतून घरी नेण्याचा शिधाही महिनाभराचा हाती असला तर तो घरभर वाटून न जाता लेकराच्या नावानं वेगळा बांधून द्यावा.

पण पीठ सोबत दिलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं नव्हे. अंगणवाडीची सेवा आणि आशाताईची भेट स्थलांतर केलेल्या लेकरालाही मिळायलाच हवी. अडचण सांगितली जाते ती अशी की टोळी आज या फडात तर उद्या त्या फडात, शोधायची कुठं? कारखान्याच्या शेती खात्याला मात्र ती रोज सापडते. कोणत्या गटातला ऊस कोणती टोळी तोडते आहे, हे तोडीची नोंद ठेवणाऱ्या चिटबॉयला तोंडपाठ असतं, नाहीतर गाडी भरणार कशी आणि वजन कुणाच्या नावावर पडणार? तीच यादी आठवड्यातून एकदा तिथल्या आरोग्य केंद्राकडे गेली, त्यात दोन वर्षांखालच्या लेकरांचा एक रकाना वाढवला, तर डिसेंबरातली भेट फडाजवळच्या गावची आशाताई देऊ शकेल. भेटीचे ५० रुपये तिला मिळावेत आणि नोंद उमापूरच्या कार्डावर व्हावी. उसाच्या टनाटनाचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला हा एक रकाना जड नाही.