नंदुरबारचा फोन धुळ्यात का वाजतो?

जळगावचा एसटीडी क्रमांक ०२५७ आणि धुळ्याचा ०२५६२. एकाला चार अंक, दुसऱ्याला पाच. हे असे का, असे वर्गात एखाद्याने विचारले तर ‘तसे ठरलेले आहे’ एवढ्यावर आपण त्याची बोळवण करतो. परंतु टेलिफोनचे जाळे आपला आवाज योग्य गावी कसा पोचवते, आणि तो भलत्या गावी गेला तर चूक कोठे शोधावी, हे समजून घ्यायला याच अंकांपासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

खानदेशातले काही क्रमांक फळ्यावर लिहू. सुरुवातीचा शून्य ‘हा फोन गावाबाहेरचा आहे’ एवढेच सांगतो, म्हणून तो बाजूला ठेवू. मग उरतात जळगाव २५७, धुळे २५६२, शिरपूर २५६३, नंदुरबार २५६४, भुसावळ २५८२, अमळनेर २५८७, चाळीसगाव २५८९. शेजारच्या नाशिकचा २५३ हाही लिहून ठेवा. आता याचे एक झाड काढा. २ आणि ५ हे सगळ्यांचे समान खोड. तेथून ७ च्या फांदीला गेले की लगेच जळगाव आले, ३ च्या फांदीला गेले की नाशिक. ६ च्या फांदीला गेले तर मात्र अजून काहीच ठरत नाही. पुढचा अंक २ असेल तर धुळे, ३ असेल तर शिरपूर, ४ असेल तर नंदुरबार.

गावाचा क्रमांक आणि घरचा क्रमांक मिळून दहा अंक व्हायला हवेत. जळगावचे तीन खर्च झाले, म्हणून तेथील घरांना सात अंक मिळतात. धुळ्याचे चार खर्च झाले, म्हणून तेथे सहाच उरतात. गावाचा क्रमांक आखूड, तेवढे गावात जास्त फोन मावतात. यात एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते. एका गावाचा पूर्ण क्रमांक ही दुसऱ्या गावाच्या क्रमांकाची सुरुवात असता कामा नये. जळगावला २५७ दिल्यावर २५७१ हा क्रमांक दुसऱ्या कोणत्याही गावाला देता येत नाही. दिला तर तो १ गावाचा की घराचा, हे यंत्राने कसे ओळखावे? १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या तारेच्या फोनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. त्या एका शून्याने मोबाइलसाठी सुमारे २५४ कोटी नवे क्रमांक मोकळे झाले.

हे अंक वाचणारे पहिले यशस्वी यंत्र अमेरिकेतील अल्मन स्ट्राउजर या गृहस्थाच्या नावावर आहे. त्याचे पेटंट १८९१ चे. हा गृहस्थ ना अभियंता ना शास्त्रज्ञ, अंत्यविधीचे सामान पुरवणे हा त्याचा धंदा. टेलिफोन केंद्रातली बाई आपल्या गिऱ्हाइकांचे फोन प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देते, असा त्याला संशय होता म्हणे! गोष्ट खरी असेल तर फोन भलतीकडे जाण्याच्या तक्रारीतूनच स्वयंचलित केंद्राचा जन्म झाला असे म्हणावे लागेल. त्याच्या यंत्रात तबकडीवरच्या प्रत्येक अंकाबरोबर एक धातूचा हात तितकी घरे सरके. फिरवलेला अंक आणि सरकलेला हात यांच्यामध्ये दुसरे काही नव्हते. हात अडकला तर तो डोळ्यांना दिसे.

संगणकावर चालणारी केंद्रे आली आणि अंक व मार्ग यांची फारकत झाली. आता केंद्र आधी सगळे अंक ऐकून घेते, मग स्मरणातला एक तक्ता उघडते, आणि तक्ता सांगेल त्या मार्गावर फोन सोडते. तक्ता बदलायला पाना-पक्कड लागत नाही, चार अक्षरे टंकली की झाले. चूक करायलाही तेवढेच पुरते, आणि ती चूक डोळ्यांना दिसत नाही.

एक कल्पनेतले उदाहरण घेऊ. जळगावच्या एका केंद्राच्या तक्त्यात दोनच नोंदी आहेत असे माना. पहिली अशी: २५ ने सुरू होणारा फोन नाशिकच्या मोठ्या केंद्राकडे द्यावा, पुढचे ते पाहील. दुसरी अशी: २५६२ ने सुरू होणारा फोन थेट धुळ्याच्या मार्गावर सोडावा, आणि पहिले चार अंक काढून उरलेले सहाच पुढे पाठवावेत. धुळ्याचा क्रमांक या दोन्ही नोंदींत बसतो. अशा वेळी जिचे जास्त अंक जुळतात ती नोंद चालते, म्हणून धुळ्याचा फोन थेट जातो. नंदुरबारचा २५६४ फक्त पहिल्या नोंदीत बसतो, म्हणून तो नाशिकमार्गे जातो. सगळे सुरळीत आहे.

आता कोणीतरी दुसरी नोंद दुरुस्त करताना २५६२ ऐवजी २५६ टंकले. काय होईल? धुळ्याचे फोन पूर्वीसारखेच लागतील. परंतु नंदुरबारचा फोनही आता या नोंदीत बसेल, त्याचे पहिले चार अंक गळतील, आणि तेच सहा अंक असलेला धुळ्यातला फोन वाजेल. शिरपूरचीही तीच गत. ज्याने नोंद बदलली तो खात्रीसाठी धुळ्याला फोन करून पाहील, तो लागेल, आणि माणूस समाधानाने घरी जाईल. जे बदलले तेवढेच तपासायचे ही सवय येथे घातक ठरते. बिघडले ते शेजारचे.

मग शोध कसा घ्यायचा? आमच्या मते या कामात सर्वांत उपयोगी साधन म्हणजे चौकटींचा कागद. उभ्या कडेला फोन करणाऱ्यांची गावे लिहा, आडव्या कडेला ज्यांना फोन केला त्यांची. न लागलेल्या प्रत्येक फोनची त्या त्या चौकटीत फुली मारा. नंदुरबारचा अख्खा स्तंभ फुल्यांनी भरला तर दोष नंदुरबारकडे किंवा त्याच्या दाराशी आहे. जळगावची अख्खी ओळ भरली तर जळगावकडे. जळगावहून फक्त शिरपूर आणि नंदुरबार या दोनच चौकटींत फुल्या आल्या, आणि भुसावळहून मात्र दोन्ही गावे लागत असली, तर यंत्रे ठीक आहेत, जळगावचा तक्ता चुकला आहे. शिवाय दोन्ही क्रमांक २५६ ने सुरू होतात हे लक्षात आले की चुकीच्या नोंदीवर बोटच ठेवता येते.

वेळही लिहिली पाहिजे. थेट मार्गावरच्या सगळ्या वाहिन्या भरल्या की केंद्र दुसरा, लांबचा मार्ग धरते. त्या दुसऱ्या मार्गाची नोंद चुकली असेल तर दिवसभर सारे ठीक चालते आणि गर्दीच्या वेळीच तक्रारी येतात. कधी कधी तर दुसरे केंद्र तोच फोन पहिल्याकडे परत पाठवते, पहिले पुन्हा दुसऱ्याकडे, आणि एकच फोन अनेक वाहिन्या अडवून बसतो. म्हणून प्रत्येक टप्प्याला एकने कमी होणारा आकडा फोनबरोबर पाठवण्याची सोय असते. तो शून्य झाला की फोन तोडतात. इंटरनेटच्या पद्धतीने आवाज नेणाऱ्या जाळ्यांत हा आकडा साधारणपणे ७० पासून सुरू करतात.

जाळे स्वतःही काही सांगत असते. न लागलेल्या फोनबरोबर कारणाचा एक क्रमांक परत येतो. १ म्हणजे असा क्रमांक कोणाला दिलेलाच नाही, ३ म्हणजे तेथे जाण्याचा मार्ग नाही, १७ म्हणजे पलीकडचा बोलत आहे, ३४ म्हणजे वाहिनी रिकामी नाही. मात्र जुन्या जाळ्यातून इंटरनेटच्या जाळ्यात शिरताना या क्रमांकांचे भाषांतर होते, आणि त्या भाषांतरात १ आणि ३ या दोन्हींचा ४०४ होतो. ‘असा माणूसच नाही’ आणि ‘त्याच्या घरी जायचा रस्ता मला ठाऊक नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच नाव! ‘आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही’ हे कानावर पडले तरी त्यावर लगेच विश्वास ठेवू नये, तो याचसाठी. दोष पाहायचा तर भाषांतराच्या अलीकडची नोंद पाहावी लागते.

मोबाइलमध्ये आणखी एक गुंता आहे. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये झाली. तेव्हापासून क्रमांकाच्या पहिल्या अंकांवरून कंपनी ओळखता येत नाही. फोन सोडण्यापूर्वी ‘हा क्रमांक आता कोणाकडे आहे’ हे एका यादीत पाहावे लागते. एखाद्या कंपनीकडची यादी जुनी राहिली तर त्या कंपनीच्या ग्राहकांचे फोन तेवढे लागत नाहीत, बाकी सर्वांचे लागतात. चौकटींच्या कागदावर हा दोष एका ओळीतली एकच फुली म्हणून दिसेल, फक्त गावांच्या जागी कंपन्या लिहायच्या.

ही चूक तातडीच्या क्रमांकाबाबत झाली तर काय होते, ते ९ एप्रिल २०१४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास अमेरिकेत दिसले. आपल्याकडे जसे ११२ किंवा १०८, तसा तेथे ९११. कोलोरॅडो राज्यातील एंगलवुड येथील केंद्र अनेक राज्यांतील असे फोन योग्य मदतकेंद्राकडे वळवत असे. तेथील सॉफ्टवेअर प्रत्येक फोनला एक अनुक्रमांक देई. अनुक्रमांकाची कमाल मर्यादा कोणीतरी ४ कोटी ठरवून ठेवली होती. त्या रात्री ती गाठली गेली. अनुक्रमांक संपले, आणि अनुक्रमांक नाही म्हणून मार्गही नाही. वादळ नव्हते, केबल तुटली नव्हती, यंत्रे धडधाकट होती. सुमारे सहा तासांत सात राज्यांतले ६,६०० हून अधिक फोन मदतीपर्यंत पोचले नाहीत. प्रत्येक फोनमागे चोर, आग किंवा छातीत दुखणारा माणूस असू शकतो, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचावा.

दोष इतका वेळ का सापडला नाही? सॉफ्टवेअरने इशारा दिला होता, पण तो किरकोळ इशाऱ्यांच्या वर्गात टाकलेला होता. आणि वॉशिंग्टन व फ्लोरिडा ही तर देशाची दोन टोके. तेथल्या तक्रारी सुरुवातीला वेगवेगळ्या वाटल्या. चौकटींचा कागद मांडला असता तर या सर्वांमधला एकमेव समान दुवा एंगलवुड हा आहे, हे दिसले असते. मायामीचे जोडकेंद्र त्या वेळी ठीक चालत होते. फोन तिकडे वळवताच सेवा सुरू झाली.

सगळीच चौकट फुल्यांनी भरते असेही एकदा घडले आहे. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी कंपनीची ११४ मोठी केंद्रे सुमारे नऊ तास अडखळत होती. न्यूयॉर्कचे एक केंद्र स्वतःला सावरून ‘मी परत आलो’ असा निरोप शेजाऱ्यांना देई, त्या निरोपाने शेजारी कोसळत, सावरत, आणि पुन्हा तोच निरोप पाठवत. महिनाभरापूर्वी बसवलेले सदोष सॉफ्टवेअर सर्व केंद्रांत एकच होते. अशा वेळी कोठे बिघडले हे विचारून काही हाती लागत नाही. अलीकडे काय बदलले, हे विचारावे लागते.

आपल्या कल्पनेतल्या जळगावच्या केंद्रात परत जाऊ. २५६ चे २५६२ केल्यावर अभियंत्याने धुळ्याला एक फोन करावा, शिरपूर आणि नंदुरबारला प्रत्येकी एक करावा, आणि २५८ च्या फांदीवरच्या भुसावळलाही एक करावा. मग रात्री उशिरा, गर्दी नसताना, धुळ्याचा थेट मार्ग काही मिनिटे मुद्दाम बंद ठेवून हेच चार फोन पुन्हा करावेत. दुसऱ्या मार्गाची नोंद बरोबर आहे की नाही, हे त्याशिवाय कळत नाही.