रुतलेली बोट कोण काढतो?

२०२१ सालच्या मार्च महिन्यात साऱ्या जगाचे डोळे एका बोटीकडे लागले होते. 'एव्हर गिव्हन' नावाची अवाढव्य मालवाहू बोट इजिप्तमधील सुवेझ कालव्यात आडवी होऊन रुतली होती. पुढे बोट नाही, मागे बोट नाही, सारा रस्ता बंद. सहा दिवसांनी, २९ मार्चला, ती सुटली. आदल्या दिवशी फाल्गुन पौर्णिमा होती. असे काही घडले की 'देवाच्या मनात आले म्हणून सुटली' असे म्हणून मोकळे होण्याची खोड आपल्या देशात जुनी आहे. पौर्णिमेचा संबंध खरोखरच होता. पण तो चमत्काराचा नव्हता, कार्यकारणाचा होता. तथागतांनी जगाला हेच शिकवले की कारणाशिवाय कार्य नाही. म्हणून हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर मुद्दाम घेत आहोत.

दुसरेही एक कारण आहे. त्या बोटीवर २५ खलाशी व अधिकारी होते आणि ते सर्वच्या सर्व भारतीय होते. बोट सुटल्याची बातमी सर्वांनी वाचली. त्या २५ जणांचे पुढे काय झाले, हे मात्र थोड्यांनीच वाचले.

कालवा आणि बोट

लाल समुद्र आणि भूमध्य समुद्र यांना जोडणारा सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. तो सुमारे १९३ किलोमीटर लांब आहे. तो नसता तर आशियातून युरोपला जाणाऱ्या बोटींना आफ्रिका खंडाला वळसा घालावा लागला असता. १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून बोटीने निघाले, तेव्हा युरोपची वाट याच कालव्यातून जात होती. एव्हर गिव्हन रुतली त्या काळात जगाच्या व्यापारातील सुमारे १२ टक्के माल येथून जात होता.

आता बोटीचा आकार पाहा. लांबी ४०० मीटर, म्हणजे मुंबईच्या १५ डब्यांच्या लोकलपेक्षाही जास्त. रुंदी ५९ मीटर. तिच्यावर एकावर एक रचलेले सुमारे १८ हजार ३०० कंटेनर होते. मालक जपानी, भाड्याने चालवणारी कंपनी तैवानची, देखभाल पाहणारी कंपनी जर्मन, झेंडा पनामाचा आणि राबणारे हात भारतीय! मलेशियाहून ती हॉलंडमधील रॉटरडॅमला निघाली होती.

२३ मार्चला सकाळी कालव्यात वाळूचे वादळ उठले. कंटेनरांची ती उंच भिंत वाऱ्याला शिडासारखी सापडली. शिवाय अरुंद पाण्यातून मोठी बोट वेगाने जाऊ लागली की काठाकडील पाण्याचा दाब कमी होतो आणि बोट काठाकडे ओढली जाते, हेही कारण जाणकारांनी सांगितले. पाहता पाहता बोटीचे पुढचे टोक पूर्वेच्या काठात घुसले व मागचे टोक पश्चिमेच्या काठाला जाऊन टेकले. बोटीची लांबी कालव्याच्या रुंदीपेक्षा जास्त, त्यामुळे ती दारात तिरका अडकलेल्या पलंगासारखी झाली.

चार उपाय, चार अडचणी

बोट पाण्यावर तरंगते, कारण ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि ते पाणी तिला खालून उचलून धरते. बोट काठावर चढली की तिच्या वजनाचा काही भाग पाण्याऐवजी जमिनीवर येतो. तेवढा भाग पुन्हा पाण्यावर आणणे, हेच काम. त्यासाठी चारच उपाय आहेत: वजन कमी करा, खालची जमीन खणा, पाणी चढण्याची वाट पाहा आणि मग ओढा. ऐकायला सोपे, करायला महाकठीण.

वजन कमी करायचे तर कंटेनर उतरवायला हवेत. पण वाळवंटाच्या मध्यभागी, पाण्यावर उभी राहून एवढ्या उंचीवरचे कंटेनर उचलणारी क्रेन कोठून आणायची? आणली तरी शेकडो कंटेनर उतरवायला दिवसच्या दिवस लागणार. एका बाजूचे आधी उतरवले तर बोट कलंडण्याचे भय. म्हणून तोल राखण्यासाठी बोटीच्या तळाच्या टाक्यांत भरलेले सुमारे ९ हजार टन पाणी आधी काढून टाकण्यात आले. तेही हिशोबाने, कारण दोन्ही टोके टेकलेली आणि मधला भाग पाण्यावर, अशा अवस्थेत बोटीच्या पाठीवर फार ताण येतो. चुकीच्या जागी वजन वाढले वा घटले तर बोट मधोमध मोडू शकते. मोडली असती तर कालवा सहा दिवस नव्हे, कित्येक महिने बंद राहिला असता.

जमीन खणण्यासाठी 'मशहूर' नावाचे गाळ उपसणारे जहाज आणले गेले. त्याने व इतर यंत्रांनी मिळून सुमारे ३० हजार घनमीटर वाळू काढली, ती १८ मीटर खोलीपर्यंत. येथेही बोटीला फार चिकटून खणता येत नाही. पत्र्याला धक्का लागला तर भोक पडते. काठावर मात्र एक माती खणणारे यंत्र अहोरात्र चालू होते. त्या प्रचंड बोटीच्या टोकाशी ते इवलेसे पिवळे यंत्र उभे असल्याचे छायाचित्र जगभर गाजले. लोक हसले, थट्टा केली. पण ते यंत्र चालवणारा माणूस दिवसाला तीनेक तास झोपून, केव्हा ती बोट आपल्या अंगावर येईल या भीतीत काम करीत होता. बोट सुटल्यानंतर काही दिवसांनी त्याने पत्रकारांना सांगितले, की जादा कामाचे पैसे आपल्याला अजून मिळायचे आहेत. हे वाचून आम्हाला नवल वाटले नाही. गिरणीत, गोदीत, नाक्यावर राबलेल्या आमच्या वाचकांनाही वाटणार नाही.

पौर्णिमेचे काम

तिसरा उपाय पाण्याचा. समुद्राची भरती-ओहोटी चंद्राच्या ओढीने होते. सूर्याचीही ओढ असते, पण कमी. पौर्णिमेला व अमावास्येला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका रेषेत येतात, दोघांची ओढ एक होते आणि पाणी जास्त चढते. आपले कोकणातले लोक याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते, त्याला भांग म्हणतात. ही गणिते कोणत्याही पंचांगाच्या शुभाशुभावर चालत नाहीत. सुवेझ कालव्याला मध्ये दरवाजे नाहीत, त्यामुळे लाल समुद्राची भरती दक्षिणेकडील भागात आत येते, आणि बोट तेथेच रुतली होती. २८ मार्चच्या पौर्णिमेचे उधाण हाताशी येणार, हे तंत्रज्ञांना आधीच ठाऊक होते. त्याआधी खणायचे ते खणून ठेवायचे आणि उधाण येताच जोर लावायचा, असा बेत ठरला.

चौथा उपाय ओढण्याचा. दहाबारा टग बोटी कामाला लागल्या. हॉलंडहून आलेल्या तज्ज्ञांनी हिशोब मांडून दिला. प्रथम मागचे टोक ओढायचे, कारण ते कमी रुतले होते. २९ मार्चच्या पहाटे ते सुटले. मग पाण्याच्या वाढीचा आणि ओहोटीच्या प्रवाहाचा फायदा घेऊन दुपारी पुढचे टोकही निघाले. टगवरील खलाशांनी भोंगे वाजवून आनंद केला. तोवर चारशेहून अधिक बोटी दोन्ही बाजूंना खोळंबल्या होत्या. त्यांची रांग ३ एप्रिलला संपली.

चंद्राने पाणी चढवले हे खरे. पण वाळू उपसली नसती तर ते उधाण आले तसे निघून गेले असते. निसर्गाचा नियम सर्वांसाठी सारखा असतो. जो तो ओळखून आधी कष्ट करून ठेवतो, त्याच्याच तो उपयोगी पडतो.

जेथे हे जमले नाही

असे प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर ६ जून २००० रोजी 'रिव्हर प्रिन्सेस' ही लोहखनिज वाहणारी बोट पावसाळी समुद्रात वाहत येऊन रुतली. पहिल्या दिवसांत ती निघाली नाही. मग वाद, निविदा, कज्जे सुरू झाले. दरम्यान वाळू तिच्या पोटात भरत गेली आणि पत्रा गंजत गेला. अखेर तुकडे करून तिला हलवेपर्यंत २०१२ साल उजाडले. रुतलेल्या बोटीच्या बाबतीत पहिले दिवस हातचे गेले की पुढे वर्षे मोजावी लागतात.

जुलै २०२० मध्ये मॉरिशसच्या किनाऱ्याजवळ 'वाकाशिओ' ही बोट प्रवाळाच्या खडकावर चढली. सुमारे दोन आठवड्यांनी तिच्यातले तेल गळू लागले आणि जवळपास हजार टन तेल समुद्रात पसरले. मॉरिशसमध्ये आपल्या मराठी बोलणाऱ्यांच्याही पिढ्या नांदतात. तेथील सामान्य लोकांनी उसाचा पाला कापडात भरून लांबच लांब तरंगते बांध शिवले आणि तेल अडवले. तेल आधी काढायचे की बोट आधी ओढायची, हा प्रश्न किती जीवघेणा असतो, ते तेथे दिसले.

माणसे कोण सोडवणार?

आता त्या २५ जणांकडे वळू. बोट सुटली, पण तिला जाऊ दिले नाही. कालव्याच्या प्राधिकरणाने ९१ कोटी ६० लाख डॉलर भरपाई मागितली. पुढे ती ५५ कोटींवर आली. १३ एप्रिलला न्यायालयाच्या हुकमाने बोट जप्त झाली व कालव्यातीलच ग्रेट बिटर सरोवरात नांगरून ठेवली गेली. मालक, विमा कंपन्या आणि प्राधिकरण यांची घासाघीस चालली. तडजोड होऊन बोट निघाली ती ७ जुलैला, म्हणजे रुतल्यापासून १०६ दिवसांनी. करार संपलेले काही जण त्याआधी घरी परतले. बाकीचे बोटीवरच राहिले. वाद पैशाचा होता आणि मोठ्यांचा होता. पण त्याची वाट पाहत, दुरूनच किनारा बघत दिवस काढले ते कामगारांनी. भारतीय खलाशांच्या संघटनेने त्यांच्या बाजूने आवाज उठवला, याची नोंद आम्ही कृतज्ञतेने करतो.

याहूनही वाईट प्रकार त्याच सुवेझच्या किनाऱ्यावर घडला. 'अमान' नावाची मालवाहू बोट २०१७ मध्ये कागदपत्रांअभावी अडकवली गेली. तिच्यावरील एका सीरियन खलाशाला न्यायालयाने बोटीचा रखवालदार ठरवले, आणि इतर सारे निघून गेल्यावर तो एकटा उरला. २०२० मध्ये वादळाने बोट वाहत किनाऱ्याजवळ येऊन टेकली. तेव्हा तो पोहत जाऊन अन्न आणी व मोबाइल चार्ज करी. त्याची सुटका झाली ती एप्रिल २०२१ मध्ये, जवळजवळ चार वर्षांनी. बोट रुतली की टग येतात. माणूस रुतला की बहुधा कोणी येत नाही.

आपली मुले आता शिकत आहेत आणि बोटीवरच्या नोकरीकडेही वळत आहेत. ही चांगली गोष्ट आहे. जाताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे की नाही, हे आधी तपासावे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे कायद्याने बंद आहे. जो लाखभर रुपये मागतो, तो फसवणारच असे समजावे. कराराची प्रत घरी आईवडिलांकडे ठेवावी. संघटनेचे सभासद व्हावे. मालकाने बोट वाऱ्यावर सोडली तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार व घरी परतण्याचा खर्च मिळावा, यासाठी मालकाकडे विमा असणे आंतरराष्ट्रीय कराराने बंधनकारक झाले आहे. तो आहे का, हे विचारण्याचा हक्क खलाशाला आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगारांसाठी कायद्याचा आधार उभा केला. हक्क ठाऊक असेल तरच तो मागता येतो, हा त्यातला धडा.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर मुलांना अंगणात न्यावे आणि चंद्र दाखवून ही गोष्ट सांगावी: याच चंद्राने समुद्र उचलला, आणि वाळू उपसून ठेवणाऱ्या हातांनी त्याचा उपयोग करून घेतला. ते हात आपल्यासारख्यांचेच होते.