मटण ताजं, म्हणून मऊ?

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'आत्ताच कापलेलं द्या हं, मऊ शिजलं पाहिजे.' घरी सासूबाई तेच सांगतात, गल्लीतले स्वयंघोषित खवय्येही तेच. मग चार शिट्ट्या होऊनही तुकडा दाताला दाद देत नाही आणि खापर फुटतं खाटकाच्या माथी: 'निबर बोकड दिला मेल्यानं!'

खाटकाला जरा सोडा. बोकड कोवळा असूनही मटण चिवट निघू शकतं, आणि त्याचं कारण तुमचा तो 'आत्ताच कापलेलं'चा हट्टही असू शकतो.

बोकड कापल्यावर स्नायूंचं काम लगेच थांबत नाही. साठवलेल्या ग्लायकोजेनवर ते काही काळ चालू राहतं. ऑक्सिजन नसल्यामुळे त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि सातच्या आसपासचा पीएच सहाच्याही खाली उतरू लागतो. तोवर एटीपी, म्हणजे स्नायूंचं इंधन, संपत आलेलं असतं. अ‍ॅक्टिन आणि मायोसिन हे स्नायूतले धागे एकमेकांना धरतात, ती पकड सोडवायला एटीपी लागतं आणि तेच उरलेलं नसतं. म्हणून काही तासांतच मांस ताठरतं. याला रिगर मॉर्टिस म्हणतात. पहाटे कापलेला बोकड दुपारच्या जेवणासाठी शिजवायचा, म्हणजे बरेचदा नेमक्या याच वेळात कुकर गॅसवर चढतो.

हा ताठरपणा पुढे आपोआप उतरतो. स्नायूतलीच कॅल्पेनसारखी विकरं धाग्यांची बांधणी सैल करत जातात. त्यासाठी साधारण एक दिवस तरी द्यावा लागतो.

'म्हणजे सडवून खायचं?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही हो! सडवतात ते जिवाणू, मऊ करतात ती विकरं. फ्रिजमधल्या 0 ते 4 अंश सेल्सिअसला जिवाणूंची वाढ मंदावते, विकरं मात्र हळूहळू काम करत राहतात. मटण ओट्यावर ठेवा असं कुणीच सांगत नाही. 5 ते 60 अंश हा अन्नासाठी धोक्याचा पट्टा आहे, असं आपलं अन्न सुरक्षा प्राधिकरणही (एफएसएसएआय) बजावतं.

दुसरं टोकही नको. ताजं मटण आणलं आणि थेट फ्रीझरमध्ये कोंबलं, असं करू नका. न्यूझीलंडच्या लॉकर आणि हॅगयार्ड या संशोधकांनी 1963मध्ये गोमांसावरच्या प्रयोगांत दाखवलं, की ताठरण्याआधीच मांस फार थंड केलं तर स्नायू आखडतात आणि ते आणखी चिवट होतं. तिथून निर्यात होणाऱ्या कोकरांच्या मांसालाही हाच त्रास होता.

तेव्हा स्वच्छ दुकानातून शनिवारी मटण आणा, हळद, मीठ, आलं-लसूण लावून झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि रविवारी शिजवा. ताजेपणा पाहायचा तो वासासाठी आणि स्वच्छतेसाठी.

बोकडाच्या वयाचा दोष अगदीच खोटा नाही. वय वाढतं तसं स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन घट्ट होत जातं. पण त्यावरही उपाय वेळेचाच. ओलसर उष्णतेत कोलॅजनचं हळूहळू जिलेटिन होतं. उघड्या पातेल्यात 100 अंशांच्या पुढे जाता येत नाही, कुकरमध्ये तापमान 120च्या आसपास पोचतं, म्हणून तिथे काम लवकर होतं. शिट्ट्यांचा हिशेब मात्र सोडा. वाफ धरली की आच मंद करा आणि घड्याळ बघा.

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

'आधी मीठ घातलं तर मटण निबर होतं.' उलट मिठामुळे मांस पाणी धरून ठेवतं.

'मोठ्या आचेवर परतलं की रस आत कोंडतो.' जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी 1847मध्ये ही कल्पना रूढ केली. हॅरॉल्ड मॅकगी यांनी 1984च्या आपल्या पुस्तकात ती खोडून काढली. परतताना जे चरचरतं ते मांसातून सुटलेलं पाणीच असतं. परतायचं ते चवीसाठी.

'पिशवीतलं लाल पाणी म्हणजे रक्त.' तो रंग मायोग्लोबिनचा, स्नायूतल्या प्रथिनाचा.

'तर्री जितकी लाल तितकी जहाल.' ब्याडगी मिरची घालून बघा: रंग भडक, तिखटपणा बेताचा.

'तिखट लागलं की पाणी प्या.' मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दही खा.

'कच्ची पपई लावणं म्हणजे थोतांड.' हे थोतांड नाही. पपेन हे विकर प्रथिनं खरंच तोडतं, पण फार वेळ ठेवलं तर तुकड्याचा वरचा थर पिठूळ होतो.

'रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतो' हे मात्र खुशाल माना, फक्त तो दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी चांगला उकळा. गंमत एवढीच, की मटण 'आत्ताचंच' हवं म्हणून रविवारी हटून बसणारी मंडळीच सोमवारी मुरलेल्या रश्श्याचे गोडवे गातात.