हीटर आधी पूर्ण बंद व्हायला हवा

नगरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. अशा मुलखात जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचा हीटर सुधारण्याचा विचार चैनीचा वाटेल, पण एमजीबीसारखी गाडी डोळ्यांसमोर ठेवली तर हा आक्षेप निम्माच खरा ठरतो. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. सुरुवातीला तिथल्या थंडीतही हीटरसाठी जादा पैसे मोजावे लागत. पाय शेकण्याइतकेच त्याचे दुसरे काम मोलाचे, ते म्हणजे पुढच्या काचेवरची वाफ उडवणे. भरपावसात कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे येताना किंवा अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडे जाताना कापडी टप लावला की काच आतून धुरकट होते. तिथे समोरचा रस्ता दिसणे हीटरवरच अवलंबून असते.

यंत्रणा साधी आहे. इंजिनाच्या हेडवर मागच्या बाजूला केबलने उघडणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. त्यातून तापलेले पाणी हीटरच्या कॉइलमध्ये जाते आणि परतीच्या नळीने रेडिएटरच्या खालच्या होजपाइपला मिळते. बाहेरची हवा पंखा त्या कॉइलमधून आत ढकलतो. तक्रार मात्र नेहमी पंख्याची होते, आवाज फार आणि वारा कमी. म्हणून जोरदार पंखा बसवण्याचा सल्ला मिळतो. पण पंखा उष्णता निर्माण करत नाही, कॉइलमध्ये पोचलेलीच आत लोटतो. आणि आपल्याकडे ती पोचतच नाही. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय अनेक गॅरेजांना आहे. मग हिवाळ्याच्या रात्री मोकळ्या रस्त्यावर पाणी कोमटच राहते. या गाडीला ७४, ८२ आणि ८८ अंशांचे थर्मोस्टॅट मिळतात. नेहमीचा ८२चा, उष्ण प्रदेशासाठी ७४चा. नगरसाठी ७४चा ठीक, पण तो जागेवर हवा. त्यातच कूलंटऐवजी बोअरचे क्षाराचे पाणी भरले तर कॉइलच्या बारीक नळ्या आतून बुजत जातात.

माझे म्हणणे असे, की नगरमध्ये सुधारणेची सुरुवात त्या व्हॉल्व्हपासून करावी. जुना व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. एप्रिल-मेमध्येही गरम पाणी झिरपत राहते आणि चालकाच्या पायाशी भट्टी पेटते. वर्षाचे आठ-नऊ महिने हीटर पूर्ण बंद राहणे हीच इथली पहिली गरज. इंजिन फारच तापले तर हीटर उघडून थोडी उष्णता काढून टाकता येते, पण तो निर्णय चालकाचा असावा, गळक्या व्हॉल्व्हचा नव्हे.

तरीही पंखा बदलायचाच असेल, तर आधी वीज मोजावी. १९६७पर्यंतच्या गाड्यांत डायनॅमो आहे आणि तो जेमतेम २२ अँपिअर देतो. पावसाळी रात्री हेडलाइट, वायपर आणि इग्निशन यांतच त्यातले बरेच संपते. शिवाय या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. कायम चुंबकाची नवी मोटर तारा न उलटवता जोडली तर उलटी फिरते.

अशा बदलांनी गाडीचा मूळपणा जातो, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयातली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी जशीच्या तशी जपायची, यात वाद नाही. पण रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला काचेतून दिसावेही लागते. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या ‘व्हीए’ नोंदणीसाठी २०२१च्या केंद्रीय नियमांत चेसिस, बॉडीशेल वा इंजिनात मोठा बदल नसावा, अशी अट आहे. म्हणून पत्रा कापून आधुनिक हीटर बसवणे मला मान्य नाही. मूळ पेटीतच नवी कॉइल, नवा व्हॉल्व्ह आणि नवे फोम बसवावेत.

मात्र ही पेटी सहज बाहेर येत नाही. ती इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यात घट्ट बसलेली असते. आधी पाणी काढायचे, केबल सोडवायची, डॅशबोर्डखाली हात घालून काचेकडे जाणाऱ्या नळ्या निखळवायच्या, मग पेटी वाकडी-तिकडी करत उचलायची. परत बसवताना नवे फोम जाड पडले तर पेटी खाली जात नाही, आणि दाबून बसवली तर फोम सरकून हवेला पुन्हा फट मिळते. सगळ्यात दुर्लक्षित राहते ती पेटीखालची निचऱ्याची नळी. काचेपुढच्या जाळीतून आलेले पावसाचे पाणी तिच्यातून वाहून जायला हवे. पालापाचोळ्याने ती तुंबली की पाणी साचते, पत्रा गंजतो आणि पाय ठेवायची जागा भिजते. पेटी बाहेर असतानाच ही नळी साफ करून, तिच्यात पाणी ओतून निचरा पाहावा, कारण पेटी जागेवर बसल्यावर तिथे हात पोचत नाही.